काढा की केमोथेरपी?

घरातल्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले, की आठवड्याच्या आत भेटायला येणाऱ्यांचे सल्ले सुरू होतात. कुणी गव्हांकुराचा रस सुचवतो, कुणी गोमूत्र, कुणी पपईची पाने. कुणाच्या माहितीतला एखादा हमखास गुण देणारा वैदूही असतोच. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. ‘केमोथेरपी म्हणजे विष, हे आपले नैसर्गिक,’ हे पालुपद मात्र प्रत्येकाच्या तोंडी असते.

आता या रोगावर मुलांना शिरेतून दिले जाणारे व्हिन्क्रिस्टीन हे औषध मुळात निघाले आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून. १९५२ मध्ये जमैकातून सदाफुलीची काही पाने कॅनडातील डॉ. रॉबर्ट नोबल यांच्या हाती आली, तीही मधुमेहावरचा तिथला गावठी उपाय म्हणून. साखर काही उतरली नाही; उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. त्या धाग्यावरून नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी व्हिनब्लास्टिन वेगळे काढले, पाठोपाठ अमेरिकेत व्हिन्क्रिस्टीन सापडले आणि १९६३ मध्ये त्याला परवानगी मिळाली. मग पानेच चावून खाल्ली तर? एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टीन काढायला शेकडो किलो वाळलेली पाने लागतात, आणि मुलाला ते द्यायचे मिलिग्रॅममध्ये मोजून. काढ्यात ते किती उतरले, हे कोण मोजणार?

नैसर्गिक ते निदान अपाय तरी करत नाही, हा दुसरा समज. त्याला छेद देणाऱ्या गोष्टीचा आरंभ चक्क मुंबईत आहे. १९२८ मध्ये इथे आलेल्या ल्यूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टरांनी गरोदर गिरणी कामगार स्त्रियांचा पांडुरोग यीस्टच्या अर्काने बरा होतो, असे दाखवून दिले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे पालेभाज्यांत असते ते फॉलिक आम्ल. पुढे बॉस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना त्याच जातीची द्रव्ये देऊन पाहिली, तर रोग उलट भडकल्याचे दिसले! तेव्हा त्यांनी फॉलिक आम्लाची वाट अडवणारे अमिनोप्टेरिन वापरले. ते तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख होते भीमावरमचे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. १९४८ मध्ये फार्बर यांनी सोळांपैकी दहा मुलांना उतार पडल्याचे जाहीर केले. पण तो उतार काही महिनेच टिकला.

हे ‘काही महिने’च आजही घात करतात. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या लिम्फोब्लास्टिक प्रकारात केमोथेरपीच्या पहिल्या महिन्या-सव्वा महिन्यातच बहुतेकांचे रक्त निवळते, ताप जातो, मूल खेळू लागते. सूक्ष्मदर्शकालाही न दिसणाऱ्या रोगट पेशी मात्र शिल्लक असतात. त्यांच्यासाठी उपचार दोन-तीन वर्षे चालवावे लागतात. केस गेलेले, तोंड आलेले, पैसे संपलेले, आणि रिपोर्ट तर चांगला! अशा वेळी केमोथेरपी थांबवून काढा सुरू केला, की पुढच्या बऱ्या दिवसांचे श्रेय काढ्याला मिळते.

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात २०१४ मध्ये हेच घडले. तिथल्या मूलनिवासी समाजातल्या दोन मुलींची केमोथेरपी घरच्यांनी मध्येच थांबवली. एकीची अकरा आठवड्यांनी, दुसरीची जेमतेम दहा दिवसांनी. दोघींनी पारंपरिक औषधे घेतली, फ्लोरिडातल्या कच्च्या आहाराच्या केंद्रातही त्या जाऊन आल्या. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांची मुले सरकारने घरातून उचलून नेली, त्या समाजाचा सरकारी रुग्णालयावर विश्वास नसणे समजू शकते. दुसऱ्या मुलीच्या बाबतीत न्यायालयानेही पारंपरिक औषधाचा हक्क मान्य केला. पण रोगाला इतिहास कळत नाही. पहिलीचा रोग उलटला आणि जानेवारी २०१५ मध्ये ती गेली. घरच्यांनी दोष दिला तो केमोथेरपीलाच. दुसरीचाही रोग त्याच मार्चमध्ये उलटला, आणि तिच्या घरच्यांनी पारंपरिक औषधांच्या जोडीने केमोथेरपी पुन्हा सुरू केली. एप्रिलमध्ये त्याच न्यायाधीशांनी आपल्या निकालात, मुलाचे हित सर्वोपरी, हे स्पष्ट करून घातले.

आपल्याकडे गावी परतलेले कुटुंब पुन्हा न येण्यामागे अंधश्रद्धेपेक्षा मुंबईतले भाडे आणि बुडालेली मजुरी असते. परळच्या टाटा रुग्णालयाने मुलांसाठी पैशांची, राहण्याची सोय लावली, तसे अर्धवट उपचार सोडणारे कमी झाले. म्हणजे वैदूचे अर्धे गिऱ्हाईक गरिबीच पाठवत होती!

उरले ते केमोथेरपी चालू ठेवून गुपचूप काढा पाजणारे, आणि ते पुष्कळ आहेत. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती मानली नाही, वाद झाला. पण रक्ताच्या कर्करोगातली मेथोट्रेक्सेटसारखी औषधे आधीच यकृतावर भार टाकतात, आणि पांढऱ्या पेशी उतरलेल्या मुलाला न शिजवलेल्या रसातला साधा जंतूही महागात पडतो. घरी आणखी काय देता, हे डॉक्टरांनी न रागावता विचारावे. आईनेही काढ्याची बाटली तपासणीच्या दिवशी पिशवीत घालून बरोबर न्यावी.