आरोग्याचा सल्ला : आधी हिरडी, मग दात

पिंपळगाव बसवंतच्या एका भगिनी लिहितात : “दाढेत सिमेंट भरून सहा महिने झाले नाहीत तोच ते निघून आले. हिरडीतून रक्त येत होते म्हणून धरले नाही, असे डॉक्टर म्हणतात. पुन्हा पैसे घालावेत, की दाढच काढून टाकावी?”

ताई, दाढ काढण्याची घाई करू नका. घामेजल्या कपाळावर टिकली ठरते का? तसेच आहे हे. हल्ली दाताच्या रंगाचे जे मिश्रण भरतात ते दाताला चिकटून बसते, आणि त्याला जागा कोरडी लागते. थुंकीचा वा रक्ताचा पातळसा थर मध्ये आला तरी फट राहते. त्या फटीतून पुन्हा कीड शिरते, कडा काळी पडते आणि भरलेले निघून येते. कीड हिरडीलगत असली तर हा धोका जास्तच. काही सिमेंटे थोडी ओल सोसतात. वाहते रक्त मात्र कुणालाच सोसत नाही.

म्हणून तर डॉक्टर गालात कापसाच्या सुरळ्या ठेवतात, थुंकी ओढणारी नळी लावतात. कधी दाताभोवती रबराचा पातळ पडदा बसवतात. ही युक्ती न्यूयॉर्कच्या डॉ. सॅनफर्ड बार्नम यांनी १८६४ साली काढली, ती आजही कामास येते. रक्त झिरपत असले तर औषधात भिजवलेला बारीक दोरा हिरडीच्या कडेला दाबतात. हिरडी फारच सुजली असेल तर दात साफ करून, तात्पुरते भरून, एक-दोन आठवड्यांनी बोलावतात. अशा वेळी “पुन्हा हेलपाटा नको, आजच उरका” असा हट्ट धरू नये.

मधल्या दिवसांत घरी एवढे करा :

१. रक्त येते म्हणून त्या बाजूला ब्रश लावायचा नाही, असे पुष्कळजणी करतात. त्याने कीटण साचते आणि रक्त वाढतेच. मऊ ब्रशने दोन्ही वेळा हलक्या हाताने घासा.

२. मशेरी बंद. ती तंबाखूच, हिरड्यांना घातकच.

३. पिनेने, काडीने दात कोरू नका.

४. दिवस गेले असतील, मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार असेल, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना आधीच सांगा. गोळ्या आपल्या मनाने थांबवू नका. गरोदरपणी हिरड्या सहज सुजतात, तेव्हा त्याची लाज नको.

५. खुर्चीत बसल्यावर नाकाने श्वास घ्या. थुंकावेसे वाटले तर तोंड मिटू नका, हात वर करा.

पंधरा दिवस नीट घासूनही रक्त थांबले नाही तर मात्र तपासणी करून घ्या. नाशिकला पंचवटीत दंत महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, तिथेही दाखवता येईल. घरातल्या सर्वांचे दुखणे आपण वेळेवर बघतो, आपलेच तेवढे “बघू नंतर” म्हणून राहते. दाढ एकदा गेली की परत येत नाही, ताई. पैसे घालाच, पण आधी हिरडी बरी करून मग.