हीटरआधी फ्रेम ओळखा

सत्तरच्या दशकातल्या मोठ्या, चौकोनी, वरून खाली रंग फिकट होत जाणाऱ्या फ्रेमना पुन्हा मागणी आली आहे. कुणी आईच्या कपाटातली काढतं, कुणी जुनी डिऑर किंवा करेरा मागवतं आणि नंबर बसवायला आपल्या काउंटरवर आणून ठेवतं. ‘जुनी आहे, तुटेल, नवीन घ्या’ हे आपलं ठरलेलं उत्तर. मला ते पटत नाही. तुटण्याचं कारण बहुतेक वेळा फ्रेमचं वय नसतं, आपली घाई असते.

त्या काळातल्या कित्येक डिऑर आणि करेरा फ्रेम ऑप्टिलच्या आहेत. ऑस्ट्रियाच्या विल्हेल्म आंगर यांनी १९६०च्या दशकात हे इपॉक्सी रेझिन चष्म्यांसाठी आणलं. अ‍ॅसिटेटची फ्रेम शीटमधून कापतात, ऑप्टिलची साच्यात ओततात. दिसायला भरदार असूनही ती नाकावर हलकी बसते. अ‍ॅसिटेटमधला प्लास्टिसायझर काळानुसार बाहेर येतो. फ्रेम पांढरट पडते, आक्रसते, कधी व्हिनेगरचा वास येतो. ऑप्टिलमध्ये प्लास्टिसायझर नाही, म्हणून इतक्या वर्षांनीही तिची चमक टिकते.

मात्र अ‍ॅसिटेटच्या सवयीने थंड काडी वाकवाल तर ती काडकन मोडेल. ऑप्टिलला अ‍ॅसिटेटपेक्षा जास्त उष्णता लागते. मऊ झाल्यावर हवा तो आकार देऊन गार होईपर्यंत धरून ठेवा. पुन्हा तापली की ती साच्यातल्या मूळ आकारात परत जाते. तेव्हा दुसरी बाजू तापवताना जुळवून झालेली काडी गरम हवेपासून लांब ठेवा.

त्याहून जुनी शेल फ्रेम आली तर ती बोटाने घासून वास घ्या. कापराचा वास आला तर ती सेल्युलोज नायट्रेटची असू शकते. ते झटकन पेट घेतं, त्यामुळे हीटर नकोच. खऱ्या कासवाच्या कवचाची फ्रेम विकत घेऊ नका, विकूही नका. १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो व्यापार बंद आहे.

काचांचं गणितही आधीच मांडा. फ्रेम ५६-१८ आणि पीडी ६२ असेल, तर प्रत्येक डोळ्यामागे केंद्र ६ मिमी आत सरकतं. मोठ्या मायनस नंबरला कानाकडची कड किती जाड होईल, हे ग्राहकाला ऑर्डर घेण्यापूर्वी दाखवा. प्रोग्रेसिव्हला या फ्रेमची उंची उलट फायद्याचीच ठरते. एवढं तपासूनही बिजागरीजवळ बारीक चीर दिसली, तर कारण सांगून काम नाकारा आणि फ्रेम आहे तशी परत द्या.