गव्हाणीतले घुबड



गेल्या महिन्यात एका बैठकीच्या निमित्ताने पुण्याच्या कृषि महाविद्यालयात मुक्काम पडला. १९०७ साली स्थापन झालेले हे कॉलेज. मी तिथलाच विद्यार्थी. उजाडताच आवारात एक फेरी मारली. वड, चिंच, कडुनिंब ओळखीचेच. वर्षावृक्ष अमेरिका खंडातला आणि गुलमोहर मादागास्करचा. पण आपण त्यांना केव्हाच घरचे करून टाकले आहे. तारेवर बसून कोतवाल किडे टिपत होता. नांगरलेल्या तुकड्यात गायबगळे उतरले होते. भर शहरात ही शेती पाहून बरे वाटले.

फिरत फिरत एका जुन्या दगडी इमारतीपाशी आलो आणि थांबलो. आम्ही शिकत असताना आमच्या सरांनी इथेच आम्हाला वाकायला लावले होते. भिंतीच्या कडेला अंगठ्याएवढ्या काळपट गोळ्या पडल्या होत्या. आम्हाला वाटले, विष्ठा. सरांनी त्या पाण्यात भिजवून चिमट्याने सोडवायला सांगितल्या. आत केस, बरगड्या आणि उंदरांच्या कवट्या! माझ्या एका गोळीत तीन निघाल्या. वर वळचणीला गव्हाणी घुबडाचे बिऱ्हाड होते. हे घुबड उंदीर अख्खा गिळते आणि न पचलेली हाडे-केस गोळी करून तोंडावाटे टाकते.

एवढे शिकून नोकरीला लागलो. पहिल्याच गावी एका वाड्याच्या माळ्यावर याच घुबडाची पिले निघाली. घरात लग्न ठरलेले. आजी म्हणाल्या, "साहेब, हे अपशकुनी पाखरू. रातचं किंचाळतंय, पोरं भितात." घरधन्याने माझ्याकडे पाहिले. मी नवा माणूस. चार लोकांत आजींचा शब्द कसा मोडायचा, म्हणून गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी पिले उकिरड्यावर पडलेली दिसली. लग्न व्हायचे तसे झाले. कणगीतले उंदीरही होते तिथेच राहिले. माझे ते गप्प बसणे मला अजून टोचते.

तेव्हा जे बोललो नाही ते आज सांगतो. किंचाळणे हा त्या पाखराचा आवाज आहे, शाप नव्हे. काळोखात नुसत्या कानांवर ते उंदीर धरते. लक्ष्मीचे वाहन म्हणून आपण ज्याला हात जोडतो, त्याला माळ्यावरून का हुसकावतो? शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे घुबड मारणे हा गुन्हा आहे.

तेव्हा एवढे करा. बांधावरचे ढोलीचे जुने झाड पोकळ झाले म्हणून तोडू नका. उंदरांचे औषध उघड्यावर न टाकता बिळात घाला आणि बीळ बुजवा. मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा. विषाने मेलेला उंदीर खाऊन घुबडही दगावते. शेतात आडव्या काठीचे पक्षीथांबे उभे करा. रात्री त्यांवर घुबड बसेल, दिवसा कोतवाल बसून हरभऱ्यातली घाटेअळी टिपील.

आणि शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलांना सांगा, आवारात अशी गोळी दिसली तर भिजवून सोडवून पाहा, मग हात साबणाने धुवा. आत काय निघाले ते घरी आजीलाही दाखवा.

त्या सकाळी मीही वाकून पाहिले. भिंतीच्या कडेला ताज्या गोळ्या पडल्या होत्या.