अष्टपैलूंची तुलना आणि विनू मांकड यांच्यावर झालेला अन्याय

१/
क्रिकेटमधील सर्वश्रेष्ठ अष्टपैलू कोण, या वादात आकडेवारीची आवड असणारे एक सोपे सूत्र पुढे करतात : फलंदाजीच्या सरासरीतून गोलंदाजीची सरासरी वजा करावी. बाकी जितकी मोठी, तितका खेळाडू श्रेष्ठ. सूत्र आकर्षक आहे, कारण ते एका ओळीत निकाल देते. पण इतिहासाच्या कसोटीवर ते कितपत उतरते, याचा विचार या धाग्यात केला आहे. #थ्रेड

२/
आधी सूत्राचा निकाल पाहू. गॅरी सोबर्स : फलंदाजीची सरासरी ५७.७८, गोलंदाजीची ३४.०३, बाकी २३.७५. जॅक कॅलिस : ५५.३७ वजा ३२.६५, बाकी २२.७२. इम्रान खान : १४.८८. कीथ मिलर : १४.००. इयान बॉथम : ५.१४. कपिल देव : १.४१. आणि विनू मांकड : ३१.४७ वजा ३२.३२, म्हणजे उणे ०.८५.

३/
म्हणजे ४४ कसोटींत २१०९ धावा आणि १६२ बळी मिळवणारा हा भारतीय खेळाडू या सूत्रानुसार थोर अष्टपैलूंच्या पंगतीत बसतच नाही. हा निकाल चुकीचा आहे. मांकड यांच्या कारकिर्दीत काही उणे होते म्हणून तो तसा लागत नाही. त्यांनी वाहिलेला भार आणि त्यांच्या हातून निसटलेला काळ, या दोन्ही गोष्टी या वजाबाकीला दिसतच नाहीत, म्हणून तो तसा लागतो.

४/
सूत्राचा पहिला दोष गणितातच आहे. फलंदाजीची सरासरी पन्नाशीच्या पुढे जाऊ शकते. गोलंदाजीची मात्र दीर्घ कारकिर्दीत विशीच्या खाली क्वचितच उतरते. त्यामुळे उत्तम फलंदाजाला झुकते माप मिळते, मग तो गोलंदाजी थोडी करो वा पुष्कळ. कॅलिस यांनी १६६ कसोटींत २९२ बळी घेतले, म्हणजे एका कसोटीत पावणेदोन. षटके सरासरीने वीस.

५/
सोबर्स यांची हीच संख्या कसोटीमागे सुमारे ३९ षटके आणि अडीच बळी अशी येते. कपिल देव यांची ३५ षटके आणि ३.३१ बळी. मांकड यांनी ४४ कसोटींत १४,६८६ चेंडू टाकले. म्हणजे प्रत्येक कसोटीत जवळजवळ ५६ षटके आणि ३.६८ बळी. कॅलिस यांच्या पावणेतीनपट गोलंदाजी करून हा माणूस पुन्हा अनेकदा डावाच्या सलामीला उतरत असे.

६/
येथे एक आक्षेप रास्त आहे. मांकड डावखुरे फिरकी गोलंदाज होते. वेगवान गोलंदाजापेक्षा फिरकी गोलंदाज अधिक षटके टाकणारच. म्हणून षटके बाजूला ठेवू आणि केवळ बळी पाहू. कसोटीमागे ३.६८ बळी ही संख्या बॉथम यांच्या ३.७५ च्या अगदी जवळ आहे. मिलर (३.०९) आणि कपिल देव (३.३१) यांच्यापेक्षा ती अधिक आहे. आक्षेप मान्य करूनही निष्कर्ष टिकतो.

७/
यात कॅलिस यांचा उणेपणा नाही. त्यांच्या संघात ॲलन डोनाल्ड, शॉन पोलॉक, मखाया एन्टिनी, डेल स्टेन असे गोलंदाज होते. कॅलिस यांच्याकडून मदतीची षटके अपेक्षित होती आणि ती त्यांनी चोख टाकली. परंतु चौथ्या-पाचव्या गोलंदाजाचे काम आणि संघाच्या मुख्य गोलंदाजाचे काम एकाच तराजूत घातले, तर तराजूच खोटा ठरतो.

८/
दुसरा दोष काळाचा. मांकड यांचा जन्म १९१७ साली जामनगरला झाला. १९३७-३८ च्या मोसमात लॉर्ड टेनिसन यांचा संघ भारतात आला, तेव्हा अनधिकृत कसोटींतच त्यांचे तेज दिसले होते. पण भारत ऑगस्ट १९३६ नंतर थेट जून १९४६ मध्ये कसोटी खेळला. मध्ये महायुद्ध होते. मांकड यांचे कसोटी पदार्पण झाले, तेव्हा त्यांचे वय २९ होते.

९/
ही हानी केवढी होती? बॉथम यांच्याशी तुलना करून पाहावी. बॉथम यांच्या एकूण ३८३ बळींपैकी ३०० बळी १९८४ च्या उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे वयाची २९ वर्षे पूर्ण होण्याआधीच, त्यांच्या खात्यात जमा झाले होते. मांकड यांच्याप्रमाणे तेही २९ व्या वर्षी पहिली कसोटी खेळले असते, तर आज त्यांचे नाव कोणत्या यादीत असते?

१०/
गमावलेल्या वर्षांत मांकड यांचा खेळ कसा असेल, याचा अंदाज १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यावरून येतो. त्या एका दौऱ्यातील प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांनी हजाराहून अधिक धावा केल्या आणि शंभराहून अधिक बळी घेतले. पुढे वयाच्या ३८ व्या वर्षी, १९५५-५६ मध्ये, न्यूझीलंडविरुद्ध एकाच मालिकेत त्यांनी २२३ आणि २३१ अशी दोन द्विशतके झळकावली.

११/
युद्धाची झळ एकट्या मांकड यांनाच लागली नाही, हेही सांगितले पाहिजे. युद्धात लढाऊ विमाने चालवणारे कीथ मिलर आपली पहिली कसोटी १९४६ साली, २६ व्या वर्षी खेळले. मात्र मिलर ज्या संघात आले, त्या संघात ब्रॅडमन, मॉरिस, लिंडवॉल होते. एका बाजूने मिलर अपयशी ठरले, तरी दुसरा कोणी सामना सांभाळू शकत असे. मांकड यांना तशी सोय क्वचितच मिळाली.

१२/
भारताने पहिली कसोटी १९३२ साली खेळली आणि पहिला विजय मिळवला तो फेब्रुवारी १९५२ मध्ये, मद्रासला, इंग्लंडविरुद्ध. विजयाची वाट वीस वर्षे पाहावी लागली होती. त्या सामन्यात मांकड यांनी ५५ धावांत ८ आणि ५३ धावांत ४, असे एकूण बारा बळी घेतले. भारताच्या पहिल्या कसोटी विजयाचा पाया त्यांच्या डाव्या हाताने घातला.

१३/
त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारत-पाकिस्तान यांच्यातील पहिलीच कसोटी दिल्लीला झाली. तेथे मांकड यांनी तेरा बळी टिपले. हजार धावा आणि शंभर बळी हा दुहेरी टप्पा त्यांनी अवघ्या २३ कसोटींत गाठला. हा विक्रम १९७९ मध्ये बॉथम यांनी २१ कसोटींत मोडला. म्हणजे तो सत्तावीस वर्षे टिकला, आणि या काळात सोबर्स यांची सारी कारकीर्द होऊन गेली.

१४/
आता या दोन विजयांच्या मधली एक हार पाहू, कारण सूत्राचा खोटेपणा तिच्यात सर्वांत स्पष्ट दिसतो. १९५२ च्या उन्हाळ्यात मांकड लँकेशायर लीगमध्ये हॅसलिंग्डन क्लबचे व्यावसायिक खेळाडू होते. इंग्लंड दौऱ्यावर निवड होईलच अशी हमी त्यांना मिळाली नव्हती, म्हणून त्यांनी क्लबचा करार केला होता. हेडिंग्लेच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात भारताची अवस्था शून्यावर चार बाद अशी झाली. मग मांकड यांना क्लबकडून मागून घेण्यात आले.

१५/
लॉर्ड्सवर ते सलामीला उतरले आणि ७२ धावा केल्या. भारताचा डाव २३५ वर संपला. इंग्लंडने ५३७ धावा उभारल्या. त्या डावात मांकड यांनी ७३ षटके टाकली, त्यांतली २४ निर्धाव, आणि १९६ धावांत ५ बळी घेतले. इंग्लंडचा डाव संपताच ते पुन्हा सलामीला गेले आणि त्यांनी १८४ धावा काढल्या. शेवटच्या डावात आणखी २४ षटके टाकली. भारत आठ गडी राखून पराभूत झाला.

१६/
या पराक्रमाची नोंद सूत्राच्या वहीत कशी होते? सामन्यात ९७ षटके, २३१ धावा, ५ बळी. सरासरी ४६.२०. म्हणजे लॉर्ड्सच्या त्या गोलंदाजीने मांकड यांची सरासरी बिघडवली. ती गोलंदाजी त्यांनी केलीच नसती, केवळ फलंदाजी करून ते विश्रांती घेत राहिले असते, तर सूत्राने त्यांना अधिक गुण दिले असते. श्रम टाळणाऱ्याला बक्षीस देणारे माप अष्टपैलूसाठी कसे योग्य ठरेल?

१७/
जुन्या काळातील आणखी एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. इंग्लंडचे विल्फ्रेड ऱ्होड्स १८९९ ते १९३० या काळात कसोटी क्रिकेट खेळले. अकराव्या क्रमांकापासून सुरुवात करून ते जॅक हॉब्ज यांच्यासोबत सलामीला पोहोचले. सूत्र त्यांना सव्वातीन गुण देते. मांकड यांनीही कसोटीत एक ते अकरा या सर्व क्रमांकांवर फलंदाजी केली. संघाची गरज भागवण्यासाठी स्वतःची जागा बदलत राहणाऱ्या खेळाडूची सरासरी नीटस राहत नाही.

१८/
मग तुलना करूच नये काय? अवश्य करावी, पण तीन प्रश्न विचारून : खेळाडूने संघाचा किती भार उचलला? त्याच्या उमेदीची किती वर्षे त्याला खेळायला मिळाली? त्याच्या भोवती कोण होते? सोबर्स येथेही अग्रस्थानीच राहतात, कारण फलंदाजी, तीन प्रकारची गोलंदाजी आणि १०९ झेल हा भार कोणत्याही मापाने थोरच ठरतो. त्यांच्यानंतर इम्रान आणि मिलर. मांकड यांची जागा बॉथम आणि कपिल देव यांच्या बरोबरीची, त्यांच्या मागची नव्हे.

१९/
हा वाद केवळ क्रमवारीचा नाही. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनीच्या कसोटीत, चेंडू टाकण्यापूर्वीच क्रीज सोडणाऱ्या बिल ब्राउन यांना मांकड यांनी धावबाद केले. आधीच्या एका दौरा-सामन्यात त्यांनी ब्राउन यांना ताकीद देऊन, नंतर बादही केले होते. प्रतिस्पर्धी कर्णधार ब्रॅडमन यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात मांकड यांचीच बाजू घेतली. तरीही जगाने त्या कृतीला मांकड यांचे नाव दिले आणि त्यात दूषणाचा सूर मिसळला.

२०/
सुनील गावस्कर यांनी या शब्दप्रयोगाला वेळोवेळी आक्षेप घेतला आहे. २०२२ मध्ये एमसीसीने ही तरतूद ‘अनुचित खेळ’ या नियमातून काढून ‘धावबाद’ या नियमात नेली. म्हणजे मांकड यांनी नियमाने फलंदाज बाद केला होता, हे नियमपुस्तिकेच्या रचनेतही मान्य झाले. पण त्याला पंचाहत्तर वर्षे लागली. आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचे नाव आले ते २०२१ साली, त्यांच्या निधनानंतर ४३ वर्षांनी.

२१/
आज अनेक तरुणांना मांकड हे नाव एका वादग्रस्त धावबादामुळे किंवा एकोणीस वर्षांखालील स्पर्धेच्या करंडकामुळे ठाऊक असते. सरासरीच्या याद्याही त्यांना वर येऊ देत नाहीत. त्यांची खरी ओळख करून घ्यायची असेल, तर जून १९५२ च्या लॉर्ड्स कसोटीचा धावफलक उघडावा आणि चारही डावांत एकच नाव शोधत जावे. त्यानंतर ‘उणे ०.८५’ हा आकडा पुन्हा वाचावा.