वजनाचा काटा आणि सायकलचे पायडल

मुलीचे वय विचारू नये असा एक शिष्टाचार आहे म्हणतात. वजनाला मात्र तो लागू नाही. लग्नघरात, बसथांब्यावर, कॉलेजच्या जिन्यात, ‘जरा सुटलीस गं’ हे वाक्य आपल्याकडे नमस्काराच्या जागी सर्रास वापरले जाते. स्नेहसंमेलनाच्या फिशपॉन्डांविषयी तर बोलायलाच नको. कुणाच्या तरी जाडीचा उद्धार झाला नाही तर फिशपॉन्डाची पेटी रिकामी राहील की काय, अशी समितीला भीती वाटत असावी. माझ्या वाट्यालाही एक आला होता. तो पुन्हा इथे छापण्याइतका चांगला नव्हता.

असे बोलणाऱ्यांचे मन वाईट असते असे मी म्हणणार नाही. टोचून बोलले की माणूस जागा होतो, त्याला प्रेरणा मिळते, असा त्यांचा प्रामाणिक समज असतो. या समजाविषयीच मला चार शब्द लिहायचे आहेत. वजन कमी करण्याच्या बाबतीत ‘प्रेरणा’ या शब्दाचा जेवढा बडिवार माजला आहे, तेवढा तो शब्द कामाचा नाही असे माझे स्पष्ट मत आहे. अपमानातून येणारी प्रेरणा चार दिवस टिकते. ‘लग्नापर्यंत तरी कमी कर’ या उपदेशातून येणारी लग्नापर्यंतसुद्धा टिकत नाही. आणि टिकलीच तर लग्नानंतर काय, हा प्रश्न उरतोच!

माझे कारण वेगळे होते. माझ्या वडिलांना एक्केचाळिसाव्या वर्षी मधुमेह निघाला. ते जाडे नाहीत. कुणी त्यांच्यावर फिशपॉन्ड टाकला नसता. म्हणून आम्हा सगळ्यांना नवल वाटले. पण ज्या शहरात आपण राहतो त्या पुण्यातच या नवलाचा अभ्यास झालेला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, म्हणजे दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के भरली आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, आतून मात्र चरबीने भरलेला, अशी आपली भारतीय शरीराची ठेवण. त्यामुळे आपल्यासाठी धोक्याची रेषाही अलीकडे ओढलेली आहे. पाश्चात्त्यांना २५ च्या पुढे जास्त वजनाचे म्हणतात, आपल्याला २३ लाच. कमरेचा घेर पुरुषांचा ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातल्या मधुमेह्यांची संख्या दहा कोटींवर गेल्याचे अनुमान निघाले. तेव्हा वाचकहो, हा केवळ आरशाचा प्रश्न नाही, आणि जाड्यांचा तर मुळीच नाही. वर्गात पहिल्या बाकावर बसून दुसऱ्यांच्या पोटावर विनोद करणाऱ्या काडीपैलवानांनीही एकदा टेप कमरेभोवती गुंडाळून पाहायला हरकत नाही.

याच विषयावरचा दुसरा एक अभ्यास मला फार धीर देणारा वाटला. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांना वजन अवघे सात टक्के उतरवण्याचे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे व्यायाम करण्याचे उद्दिष्ट दिले होते. २००२ साली निष्कर्ष आला की त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. सात टक्के! गेल्या जूनमध्ये माझे वजन ७१ किलो होते. त्याचे सात टक्के म्हणजे पाच किलो. चित्रपटातल्या नटीसारखे दिसण्यासाठी किती उतरवावे लागेल याचा हिशेब मी कधी केला नाही. पाच किलोचा मात्र करता येण्यासारखा होता.

हिशेब असा. माझ्या घरापासून कॉलेज पाच किलोमीटर. जाऊन येऊन दहा. मध्यम वेगाने सायकल हाकली तर माझ्या वजनाच्या माणसाचे यात अडीचशेच्या आसपास उष्मांक खर्च होतात. आणि शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० उष्मांक. भागाकार केला तर उत्तर येते तीस दिवस, तेही एक दिवस न चुकता. आता उलट बाजू पाहा. तेल एका ग्रॅमला नऊ उष्मांक देते. कॅन्टीनच्या चहातल्या दोन चमचे साखरेचे चाळीस होतात. दिवसाला चार चहा म्हणजे एकशे साठ. मूठभर खारे शेंगदाणे एकशे सत्तर. म्हणजे सकाळभर पायडल मारून जे मिळवले ते ऑफ पिरियडमध्ये गप्पा मारता मारता, काही खाल्ले असेही न वाटता, परत जमा होते.

रविवारी पहाटे खडकवासल्याला जाणाऱ्या सायकलस्वारांचे थवे तुम्ही पाहिले असतील. रंगीत कपडे, डोक्यावर शिरस्त्राण, मनगटावर सगळे मोजणारे घड्याळ. उत्साह वाखाणण्यासारखा असतो. पण धरणाच्या काठावर पोचल्यावर कांदाभजीची पहिली प्लेट, मग दुसरी, मग ‘एवढे आलोच आहोत तर’ म्हणून मिसळ! त्या दिवशीचा जमाखर्च मांडला तर बहुधा तो मंडळींच्या बाजूने लागणार नाही. भजी खाऊ नयेत असे माझे म्हणणे नाही. धरणाकाठच्या भज्यांना नाही म्हणणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवणार नाही. मुद्दा एवढाच की सायकल एकटी वजन उतरवत नाही. तो उतरतो मुख्यतः ताटात. सायकल काय करते? उतरलेले वजन परत चढू देत नाही, स्नायू राखते, रक्तातली साखर वापरून टाकते, आणि रात्री झोप आणते. हे काही थोडे नाही. पण कामांची ही वाटणी नीट ठाऊक नसली की माणूस तिसऱ्या आठवड्यात काट्यावर उभा राहतो, निराश होतो आणि सायकल पुन्हा जिन्याखाली जाते.

तिसऱ्या आठवड्याचे हे दुखणे सार्वत्रिक दिसते. त्यालाही शरीरशास्त्रात कारण आहे. पहिल्या आठवड्यात काटा जो भराभर उतरतो ती चरबी नसतेच. शरीरात साठवलेल्या साखरेबरोबर तिच्या तिप्पट पाणी साठलेले असते, ते जाते. पुढे खरी चरबी उतरू लागते तेव्हा वेग मंदावतो. शिवाय शरीर हलके झाले की त्याला पूर्वीपेक्षा कमी इंधन पुरते. त्यात एका दिवसात काटा मीठपाण्याने किलोभर इकडेतिकडे होतो तो वेगळाच. गेल्या दिवाळीत चार दिवसांत माझे वजन दीड किलोने वाढले आणि पुढच्या दहा दिवसांत काही न करता उतरले. चकल्यांतले मीठ दुसरे काय! फराळ मी खाल्ला, आणि तो खावा असेच माझे मत आहे. उलट उपवासाच्या नावाखाली तूपदाण्याची साबुदाण्याची खिचडी दोनदा घेऊन ‘आज मी काहीच खाल्ले नाही’ म्हणणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते.

मग टिकून राहायचे कशाच्या बळावर? मानसशास्त्राच्या तासाला सरांनी लंडनमधल्या एका प्रयोगाची माहिती सांगितली होती. रोज एक साधी गोष्ट ठरल्या वेळी करायची, ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते पाहायचे. निष्कर्ष २०१० साली छापून आला: मधला आकडा ६६ दिवस, कुणाला अठरा, तर कुणाला अडीचशेच्या वर. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट निराळीच आहे. मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात काही मोठा फरक पडत नाही असे त्यांना आढळले. आपण मात्र एक दिवस बुडाला की सगळे व्रतच मोडले असे समजतो आणि उद्यापन करून मोकळे होतो.

माझी सकाळची पहिली तासिका सात वाजून वीस मिनिटांची. त्या वेळी बस मिळाली तर मिळाली. सायकल असली की वाट पाहावी लागत नाही. एवढ्या साध्या कारणावर माझी सायकल नऊ महिने चालली आहे. सकाळी उठून ‘आज मला प्रेरणा आहे का?’ असे मी स्वतःला विचारत नाही. हजेरी लागायची असते, म्हणून निघते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये जोडीने, आणि नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने, सायकलवरून अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत पुरी केली. त्यांच्याविषयी वाचताना अंगावर काटा येतो. परंतु जुलैतल्या एखाद्या मंगळवारी, पावसाची झड लागलेली असताना, पाय रिक्षाकडे वळत असतात तेव्हा त्या पराक्रमाचा उपयोग होत नाही. तिथे कॅरिअरला बांधलेला रेनकोट उपयोगी पडतो.

आणि टायरातली हवा! प्रेरणा संपली असे आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा चाकातली हवा संपलेली असते. कमी हवेची सायकल ओढताना दम लागतो आणि दोष मात्र आपल्या निग्रहाला मिळतो. सीट खाली असली की गुडघे दुखतात. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील इतकी सीट वर हवी. हे सायकलच्या दुकानात दोन मिनिटांत होते. मुलींसाठी आणखी एक सूचना: चेनकव्हर असलेलीच सायकल घ्या. ओढणीचे हाल वाचतात.

आता ताटाकडे येते. ‘वजन कमी करा’ या विषयावरचे लेख वाचताना मला नेहमी एक प्रश्न पडतो की ही लेखक मंडळी स्वयंपाक कुणाकडून करून घेतात? आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी स्वयंपाक आई करते. मुलाने किंवा मुलीने ‘मी डाएटवर आहे’ असे जाहीर केले की तिच्यासमोर दुसऱ्या एका पातेल्याचे काम येऊन पडते. वडिलांसाठी बिनसाखरेचा चहा वेगळा, आजीसाठी मऊ भात वेगळा, त्यात चिरंजीवांचे ओट्स वेगळे! स्वतःच्या तब्येतीसाठी दुसऱ्याला राबवणारा हा निग्रह मला मान्य नाही. त्यापेक्षा आहे त्याच स्वयंपाकात वाढणी बदलावी. आपल्या पानात डावीकडे कोशिंबीर असते, चमचाभर. ती वाटीभर घ्यावी, आणि काकडी-टोमॅटो आपण चिरावेत. मोड आलेल्या मटकीची उसळ ‘तोंडीलावणे’ म्हणून न घेता तिच्यानेच पोट भरावे. भाताचा डोंगर होता तिथे मूद घ्यावी. ताक आहेच. ‘अगं, अजून एक पोळी घे, दिवसभर सायकल हाकतेस,’ असे आई आग्रहाने म्हणते तेव्हा ‘पोळी नको, उसळ वाढ’ म्हटले की तिचा आग्रहही राहतो आणि आपले पोटही. आमच्या घरात या बदलाचा फायदा माझ्याइतकाच वडिलांनाही झाला, कारण पातेले एकच होते.

२०१८-१९ च्या सुमारास महाराष्ट्रातल्या घराघरांत दोन तट पडले होते हे आठवत असेल. दिवसातून दोनदाच जेवा म्हणणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित एका बाजूला, आणि थोड्या थोड्या वेळाने घरचे साधे खा म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकर दुसऱ्या. आमच्या आजोळी तर एका काकांनी दोन्ही पद्धती एकदम सुरू केल्या होत्या. मी त्या वादात पडत नाही. वसतिगृहाच्या मेसमध्ये ज्याला जे निभेल ते त्याने करावे. तशीच ती २०२५ मध्ये आपल्याकडे आलेली वजन उतरवणारी इंजेक्शने. ज्याला डॉक्टरांनी सांगितले त्याने ती जरूर घ्यावीत, त्यात कमीपणा नाही. मात्र ती थांबवल्यावर वजनाचा मोठा भाग परत येतो असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे उसळ आणि पायडल यांतून तिथेही सुटका नाही.

माझे वजन सध्या ६६ आणि ६७ च्या दरम्यान घुटमळते आहे. मी महिन्यातून एकदाच काट्यावर उभी राहते. त्याहून मला चांदणी चौकाकडचा चढ जास्त खरे सांगतो. जूनमध्ये मी अर्ध्यात उतरून सायकल ढकलत होते. डिसेंबरात न उतरता वर गेले.

राहता राहिली एक तक्रार, आणि ती आपल्या सर्वांच्या अखत्यारीतली आहे. पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जायचे. महापालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला, त्याच वर्षाच्या अखेरीस भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली रस्त्यावर आल्या आणि काही वर्षांतच दिसेनाशा झाल्या. तो शहराचा प्रश्न. पण आपल्या आवारात ‘सायकल स्टँड’ अशी पाटी असलेल्या शेडखाली आज स्कूटर आणि मोटारसायकली उभ्या असतात, आणि सायकलवाल्यांना कुंपणाला टेकवून ठेवावी लागते. त्या शेडमधली भिंतीलगतची एक रांग सायकलींसाठी मोकळी करावी, तिथे हवा भरायचा एक पंप साखळीने बांधून ठेवावा, आणि कॅन्टीनमध्ये वड्याबरोबर रोज एक उसळ मिळावी, असे निवेदन आम्ही काही जणांनी प्राचार्यांना देण्याचे ठरवले आहे. आजवर एकवीस सह्या झाल्या आहेत, त्यांत तीन प्राध्यापकांच्या आहेत. वही ग्रंथालयाच्या काउंटरवर ठेवलेली आहे.