सोलरचे तोंड कोणत्या दिशेला?



नारायण पेठेतील एका भगिनीचे पत्र आले आहे. शिलाईच्या दोन मशीन, बचत गटाचे कर्ज, गच्चीवर सोलर. ठेकेदाराने सगळी पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून बसवली. दुपारी बाराच्या सुमारास बॅटरी भरते, पुढची वीज वाया जाते. चारनंतर मात्र मशीन ओढत नाही. फसवणूक झाली का, असे त्या विचारतात.

नाही ताई, फसवणूक नाही. वर्षभराची एकूण वीज पुण्यात दक्षिणेकडे, साधारण १८ अंश उतार ठेवल्यावरच जास्त मिळते. नेट मीटर असते तर दुपारची जादा वीज महावितरणकडे जाऊन बिलातून वजा झाली असती आणि बदल करायची गरजच नव्हती. तुमचे काम बॅटरीवर. सकाळ स्वयंपाकात आणि मुलांच्या शाळेत जाते, मशीनवर बसता ते तीननंतर. हे तास कोणी विचारलेच नाहीत!

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला होता. ती वीज कष्टकरी बाईच्या कामाच्या वेळी मिळते का, हेही पाहायला हवे.

तेव्हा निम्मी पॅनेल पश्चिमेकडे वळवा, उतार २५ अंशांच्या आसपास. आकाश स्वच्छ असेल तर सायंकाळी पाचच्या सुमारास असे पॅनेल दक्षिणेकडच्या पॅनेलच्या दीडपटीच्या आसपास वीज देते. सकाळी ते जवळपास उपाशी असते, पण बॅटरी भरायला उरलेली निम्मी आहेतच. काहीजण निम्मी पूर्वेला, निम्मी पश्चिमेला लावा म्हणतात. त्याने दुपारचा चढ उतरतो खरा, पण दिवसभर सारखी वीज मिळेल ही आशा नको. एक बाजू जागी असते तेव्हा दुसरी अर्धी झोपलेली असते.

त्याआधी सावली पाहा. पेठेत जुने वाडे जाऊन उंच इमारती आल्या. पश्चिमेला शेजारची इमारत चार वाजताच ऊन अडवत असेल, तर पॅनेल वळवण्याचा खर्च पाण्यात. एक रविवार गच्चीवर बसून दर तासाला खडूने सावलीची रेघ मारा. डिसेंबरात दक्षिणेच्या १० फुटी भिंतीची सावली भर दुपारीही सुमारे ९ फूट पडते. एकाच ओळीत जोडलेल्या पॅनेलांपैकी एकावर सावली आली, तरी सगळ्या ओळीची वीज घटते. म्हणून दक्षिण आणि पश्चिम यांची जोडणी वेगळी हवी. इन्व्हर्टरला किंवा चार्ज कंट्रोलरला दोन स्वतंत्र इनपुट आहेत का, हे पैसे देण्याआधी विचारा.

आणि शिवलेल्या कपड्यांची इस्त्री दुपारी बारा ते दोनमध्ये उरका. इस्त्रीच सर्वांत जास्त वीज खाते, आणि त्या वेळची वीज तशीही वाया जातेच आहे. याला ठेकेदार लागत नाही.