कूपनातले कुटुंब

परीक्षा संपत आल्या की घरोघरी व्हाउचर येऊ लागतात. कुणाला बँकेकडून मोबाईलवर, कुणाला मोठ्या दुकानातल्या बिलाच्या पाठीवर, तर कुणाला कचेरीतल्या मित्राच्या कृपेने. मजकूर थोड्याफार फरकाने एकच: 'चौघांच्या कुटुंबास थीम पार्कच्या तिकिटात पंचवीस टक्के सूट!' बेळगावकरांना या सुटीचा लाभ घ्यायचा तर दोन वाटा. एक बंगळूरची, तिथे म्हैसूर रस्त्यावर बिडदीजवळ २००५ पासून 'वंडरला' आहे. दुसरी पुण्यावरून खोपोलीची. तिथे २०१३ साली 'इमॅजिका' सुरू झाले. दोन्हीकडे रात्रीचा प्रवास ठरलेला, म्हणजे तिकिटाच्या आधी गाडीभाडे आलेच.

सवलत घ्यावी की घेऊ नये, हा वाद मला घालायचा नाही. मिळत असेल तर अवश्य घ्यावी. पैसे काही झाडाला लागत नाहीत. माझा प्रश्न निराळा आहे. त्या कागदावर छापलेले चौघांचे कुटुंब कुणाचे?

आमच्या घरात माणसे सहा. आजी, आई, बाबा, आत्या, मी आणि आठवीतला धाकटा भाऊ. समजा तिकीट हजार रुपयांचे आहे. चौघांचे चार हजार, सूट वजा जाता तीन. उरलेल्या दोघांचे दोन. एकूण पाच हजार. म्हणजे सहा हजारांत हजार वाचले. पंचवीस टक्क्यांची जाहिरात आमच्या उंबऱ्यावर येईपर्यंत सतरा टक्क्यांपेक्षाही खाली आली!

पण घरात हिशेब असा होतच नाही. गेल्या मे महिन्यात असले एक व्हाउचर आमच्याकडे आले, तेव्हा कुणी बेरीज केली नाही, वजाबाकीच झाली. आजी लगेच म्हणाली, "मी कशाला बाळा? तुम्ही जावा. मला काय त्या पाळण्यात बसायचंय?" आजीला एकटी कशी ठेवायची, म्हणून आत्या थांबली. पाच मिनिटांत सहाचे चार झाले, अगदी कागदावर छापल्याप्रमाणे. कुणी कुणाला 'येऊ नकोस' म्हटले नाही. ते काम कागदाने केले.

आजीचे म्हणणे व्यवहाराला धरून नव्हते असेही नाही. या उद्यानांत दारावर एकच रक्कम भरायची आणि आत हवे तितके खेळ खेळायचे, अशी पद्धत आहे. ज्येष्ठांना कुठे थोडी सवलत मिळते, एवढेच. जो दिवसभर बाकावर बसून नातवंडांच्या चपला सांभाळणार, त्यालाही त्या सगळ्या खेळांचे पैसे पडतात. आपल्या यात्रेत असे नाही. पाळण्यात बसेल त्याने पैसे द्यावेत, खाली उभे राहून "अगं, घट्ट धर!" म्हणून ओरडणाऱ्या आजीला कुणी तिकीट विचारत नाही.

ही रीत फक्त खेड्यातल्या जत्रेची आहे असे समजू नये. कॅलिफोर्नियातले डिस्नेलँड १९५५ साली उघडले तेव्हा मोठ्या माणसाला प्रवेश एक डॉलर होता आणि खेळाचे पैसे वेगळे. त्याच वर्षी कूपनांची पुस्तिका निघाली. साध्या खेळाला 'ए' कूपन, आणि १९५९ पासून सर्वांत थरारक खेळांना 'ई'. १९८२ साली ही पद्धत बंद झाली व एकरकमी तिकीट आले. रांगेत कूपन फाडण्याची कटकट गेली, हे खरे. पण नुसते पाहायला येणाऱ्याचे स्वस्त तिकीटही त्याबरोबर गेले.

मग उद्याने व्हाउचर वाटतात ती दानधर्म म्हणून का? अर्थशास्त्राच्या तासाला याला 'मूल्यभेद' म्हणतात. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली त्याचे प्रकार मांडले. ज्याला घाई आहे आणि ज्याच्या खिशात पैसा आहे, तो पूर्ण दर देतोच. ज्याचा पाय अडखळतो, त्याला सूट दाखवून आत घ्यायचे. पाळणे फिरणारच असतात. रिकाम्या खुर्चीपेक्षा पाऊण दराचे गिऱ्हाईक बरे. म्हणूनच बारीक अक्षरांत लिहिलेले असते: शनिवार, रविवार व सणावारी चालणार नाही, अन्य सवलतींसोबत चालणार नाही. आता आमच्या बाबांचे दुकान बंद असते ते रविवारीच!

त्यात पुन्हा कर. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा या तिकिटांवर तो २८ टक्के होता. जानेवारी २०१८ मध्ये १८ वर आला. छापलेला दर करासहित की कराविना, हे आधी विचारावे. वंडरलासारख्या ठिकाणी मुलाचे तिकीट वयावर नव्हे, उंचीवर ठरते. तेव्हा आमच्या ताडमाड भावाला 'लहान' म्हणून धरण्यात अर्थ नाही. घरचा डबा बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, आणि सहाजणांचे दुपारचे जेवण वाचवलेले हजार रुपये सहज गिळते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरे काय!

तेव्हा माझे मत असे, की आधी माणसे ठरवावीत आणि मग कागद शोधावा. विद्यार्थ्याला कॉलेजच्या ओळखपत्रावर सूट असते, आजीला ज्येष्ठ नागरिक म्हणून मिळू शकते, आगाऊ आणि आडवारी काढलेले तिकीट स्वस्त पडते. ही किरकोळ बेरीज कधी कधी व्हाउचरला मागे टाकते. ती मांडून तरी पाहावी. याहून चांगली वाट म्हणजे सामूहिक दर. आपल्या कॉलेजच्या सहली त्याच दराने जातात. मग गल्लीने का जाऊ नये? गणपतीची वर्गणी दारोदार फिरून गोळा करणाऱ्या आपल्या मंडळांना पाच-सहा घरांची यादी करणे जड नाही. उद्यानाच्या कचेरीला पत्र घालावे, इतकी डोकी येतो, दर कळवा. डोकी मोजताना तिथे नाते विचारत नाहीत. आत्या चालते, शेजारच्या काकूही चालतात. आणि त्याच पत्रात आणखी एक ओळ लिहावी: जे खेळात बसणार नाहीत, त्यांच्यासाठी वेगळे तिकीट ठेवता का?

आमच्या गल्लीचे पत्र दिवाळीच्या सुट्टीआधी जाणार आहे. यादीत पहिले नाव आजीचे घातले आहे. तिला अजून सांगितलेले नाही.